पावलं काकांची की फोनची?

"मॅडम, बाबा रोज चार हजार पावलं चालतात, हे बघा ना," असं म्हणत त्या ताईंनी फोन माझ्यापुढे धरला. हिरवे खांब, एकाशेजारी एक, एका दिवशी तर चक्क ४,३००. समोर काका बसलेले, पार्किन्सन्सचं (कंपवाताचं) निदान होऊन सहा वर्षं झालेली, खुर्चीतून उठायचं तर तीनदा पुढेमागे झोका घ्यावा लागतो, दारात पोचले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. मनातल्या मनात हिशोब केला, मिनिटाला साठ पावलं धरली तरी चार हजार म्हणजे तासाच्या वर चालणं झालं, आणि हे गृहस्थ माझ्यासमोर दहा मीटर चालून दमतात. मग विचारलं, फोन दिवसभर कुठे असतो? "माझ्याकडेच असतो की, त्यांना कुठे सारखा उचलता येतोय."

झालं. पावलं खरी होती, मोजणी पण बहुतेक बरोबर होती, फक्त ती काकांची नव्हती, ताईंची होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि गेल्या काही वर्षांत असा एक दिवस जात नाही की कुणी ना कुणी फोनवरचा ग्राफ दाखवून "हे खरं असतं का हो?" विचारत नाही. सुरुवातीला मी फार खूश होते, वाटायचं आता पेशंट घरी काय करतो ते कळणार, मग मधे एक काळ असा आला की फोन बघितला तरी चिडचिड व्हायची, आणि आता कुठे जरा अंदाज आलाय की कधी ऐकायचं आणि कधी सोडून द्यायचं. यात माझ्या धाकट्या भावाचा मोठा हात आहे, तो सेन्सरवाल्या उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहितो आणि माझ्या प्रत्येक तक्रारीवर त्याचं एकच उत्तर असतं, "चिप खोटं बोलत नाही गं, तू तिला भलताच प्रश्न विचारतेस."

तर आधी ती चिप काय करते ते. फोनमधला ॲक्सिलरोमीटर म्हणजे सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर लटकवलेला, त्याला कंगव्यासारखे दात आणि त्या दातांमधे घुसलेला दुसरा एक स्थिर कंगवा. फोन हलला की ठोकळा जरासा मागे राहतो, दातांमधलं अंतर बदलतं, त्यामुळे कपॅसिटन्स म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता बदलते, आणि ती मोजून त्वरण कळतं, म्हणजे वेग किती बदलतोय ते. जायरोस्कोपमधे असाच ठोकळा पण तो सतत कंप पावत ठेवलेला असतो, फोन वळला की कोरिऑलिस बलामुळे (फिरणाऱ्या गोष्टीतल्या हलत्या वस्तूला आडवं ढकलणारं बल) तो आडवा ढकलला जातो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. तिसरा मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्र. हे सगळं काही मिलिमीटरच्या चिपमधे बसतं. आयफोनमधे ॲक्सिलरोमीटर पहिल्यापासून म्हणजे २००७ पासून आहे आणि जायरो २०१० च्या आयफोन ४ मधे आला, पण ते स्क्रीन फिरवायला आणि गेम खेळायला, काकांचा गुडघा किंवा तोल मोजायला कुणी ते बसवलेले नव्हते, हे विसरायला होतं.

आणि एक गंमत, जी मला स्वतःला समजायला वेळ लागला. टेबलावर शांत पडलेला फोन शून्य दाखवत नाही, तो ९.८१ (मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) दाखवतो, कारण टेबल त्याला वर ढकलत असतं आणि ठोकळ्याला तेच जाणवतं. शून्य कधी दाखवतो, तर हातातून निसटून खाली पडताना. म्हणजे हा सेन्सर हालचाल मोजतो असं आपण म्हणतो खरं, पण त्याला सतत सगळ्यात जास्त जाणवत असतं ते गुरुत्वाकर्षण. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे गुडघ्याच्या वेळी कामाला येते.

आता माझा फोन किती शहाणा ते बघू म्हणून एका रविवारी फायफॉक्स नावाचं ॲप टाकलं, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी बनवलंय, फोनमधले सगळे सेन्सर कच्चे जसेच्या तसे दाखवतं. फोन सपाट टेबलावर उताणा ठेवला तर ९.९३. पालथा घातला तर उणे ९.६९. उणे चिन्ह सोडून दोन्हीची सरासरी ९.८१, म्हणजे ०.१२ इतकं सेन्सरचं स्वतःचं ऑफसेट, घरच्या वजनकाट्यावर कुणी उभं नसताना पण काटा थोडा पुढे असतो ना तसं. मी म्हटलं एवढंच ना, सव्वा टक्का, चालतंय. भाऊ हसला आणि म्हणाला यावरून आता फोन किती लांब गेला ते काढ. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर, शाळेतलंच गणित, अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. दहा सेकंदांत ६ मीटर. एका मिनिटात २१६ मीटर. फोन टेबलावर. हललाच नाहीये. वेळेचा वर्ग होतो ना, म्हणून ती एवढीशी चूक अशी फुगते.

तेव्हापासून कुठलंही ॲप "आज २.३ किलोमीटर चाललात" म्हणालं की मला तो टेबलावरून पळालेला फोन आठवतो. अर्थात ती ॲप्स असं दुहेरी गणित करतही नाहीत, ती पावलांचे झटके मोजतात आणि तुमच्या उंचीवरून पावलाची लांबी अंदाजाने धरतात, बाहेर असाल तर जीपीएस मदतीला घेतात. म्हणजे तुम्ही पाय घासत चालत असाल, पाऊल एक वीत पडत असेल, तरी ॲप तुमचं पाऊल तुमच्या उंचीच्या निरोगी माणसाएवढंच धरण्याची शक्यता भरपूर. पार्किन्सन्समधे तर नेमकी पावलाची लांबीच कमी होत जाते, आणि आपल्याला जे बघायचं तेच ॲपने आधीच गृहीत धरून टाकलेलं.

बरं मग निदान पावलं तरी नीट मोजतात का? तर कोण चालतंय त्यावर आहे. २०१५ मधे जामा या नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता, १४ निरोगी माणसं ट्रेडमिलवर चालवली, ताशी ३ मैल म्हणजे साधारण ४.८ किलोमीटरच्या वेगाने, आणि फोनवरच्या ॲप्सचा आकडा खऱ्या पावलांपेक्षा उणे ६.७ टक्के ते अधिक ६.२ टक्के इतकाच इकडेतिकडे होता. उत्तम आहे की. पण माझे पेशंट ना निरोगी, ना ट्रेडमिलवर, ना ४.८ च्या वेगाने. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या एका आजींबरोबर मी हे करून पाहिलं, फोन कमरेच्या पट्ट्यात घट्ट, आजी वॉकर घेऊन चालतायत, मी मागे हातात तो टकटक करणारा काउंटर घेऊन. मी मोजली १००. फोनने मोजली ३१. त्याच फोनवर, त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या ॲपने ५२. चिप एकच, आजी एकच, चालणं एकच. कारण सोपं आहे, टाच जोरात टेकली की जो दणका बसतो तोच ॲप शोधत असतं, आणि वॉकरवर भार टाकून चालणारी आजी पाऊल टेकवत नाही, ठेवते. दणका एका ॲपच्या पट्टीत बसला, दुसऱ्याच्या नाही. आजींना आकडा सांगितला तर म्हणाल्या, "म्हणजे मी एवढी दमले ते फुकटच का?" त्या दिवसापासून पेशंटला वॉकरवर असताना पावलांचा आकडा दाखवायचा नाही हे ठरवलं, उगाच हिरमोड.

आता जिथे फोन खरंच चांगलं काम करतो ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती नावं ठेवते.

गुडघा किती वाकतो हे मोजायला आम्ही गोनिओमीटर वापरतो, दोन पट्ट्यांचा मोठा कोनमापक समजा. फोन हे काम झकास करतो, कारण इथे त्याला हालचाल मोजायचीच नाहीये, स्थिर राहून गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे एवढंच बघायचंय, आणि ते त्याला जन्मजात येतं. पेशंटला उताणं झोपवायचं, गुडघा वाकवून धरायचा, फोन आधी मांडीवर मग नडगीवर लावायचा, दोन कोनांवरून हिशोब करायचा. माझ्या फोनचं ते ०.१२ चं ऑफसेट इथे पाऊण अंशाच्या आसपास चूक देतं, आणि गोनिओमीटरने माझ्याच दोन मापांत कधीकधी चार-पाच अंशांचा फरक पडतो, तेव्हा मी कुठल्या तोंडाने फोनला बोलू. फक्त फोन दर वेळी हाडाच्या त्याच जागी लावायचा, मांसल भागावर लावला की तो मांडी मोजतो, हाड नाही.

पण हाच फोन मान डावी-उजवीकडे किती वळते ते मोजायला पेशंटला बसवून डोक्यावर ठेवला की गोंधळ. का, तर बसलेल्या माणसाची मान उभ्या आसाभोवती फिरते आणि गुरुत्वाकर्षण तर सरळ खालीच असतं, मान फिरली काय न फिरली काय, ॲक्सिलरोमीटरला काही फरक जाणवतच नाही. मग ॲप होकायंत्राकडे वळतं, आणि शेजारी लोखंडी पलंग, फोनच्या कव्हरला लोहचुंबकाचं झाकण. एकदा एका पेशंटची मान मला १२० अंश वळलेली दिसली, घुबडच! यावर साधा उपाय आहे, पेशंटला झोपवायचं. उताणं झोपलं की मानेचं तेच वळणं गुरुत्वाकर्षणाच्या तोंडावर येतं आणि फोन पुन्हा शहाणा होतो. सेन्सर तोच, माणूस तोच, फक्त झोपवलं. हे मला कुठल्या ॲपच्या मदत पानावर सापडलं नाही, जुन्या द्रव भरलेल्या इन्क्लिनोमीटरच्या (कल मोजायच्या साधनाच्या) काळापासून लोक हेच करत आलेत.

जायरो छोट्या वेळेपुरता फार गुणी. आमची एक चाचणी असते, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, टाइम्ड अप अँड गो म्हणतात, १९९१ पासून चालत आलेली, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. स्टॉपवॉचवर मला फक्त एकूण वेळ मिळतो. फोन कमरेला मागे बांधला तर जायरोमुळे उठायला किती, वळायला किती, बसायला किती हे वेगवेगळं दिसतं, आणि काकांच्या बाबतीत सगळी गंमत वळण्यातच होती, २१ पैकी ७ सेकंद नुसते वळण्यात जात होते. जायरो वाहवत जातो हे खरं, पण सेकंदाला ०.१ अंश वाहवला तरी २१ सेकंदांत दोनच अंश, १८० अंशांच्या वळणात कोण विचारतो. हाच जायरो तासभर चालू ठेवून "पेशंट दिवसभर कुठल्या दिशेला तोंड करून होता" विचारलं तर मात्र ३६० अंशांची चूक, म्हणजे अख्खी गिरकी.

थरथरीचं सांगायचं तर ते थोडं तिरपागडं आहे. पार्किन्सन्सची विश्रांतीतली थरथर सेकंदाला ४ ते ६ वेळा होते, आणि किती वेळा होते हे मोजायला ऑफसेट बिफसेट काही आड येत नाही, कारण आपल्याला फक्त वरखाली मोजायचंय. म्हणजे सोपं. पण काकांच्या हातात फोन दिला आणि थरथर गायब! बरोबरच आहे, विश्रांतीतली थरथर हात कामाला लागला की कमी होते, आणि फोन धरणं हेच काम झालं ना. वर पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचं ओझं हाताला, ते पण हालचाल बदलतं. मग हात खुर्चीच्या हातावर सैल ठेवून फोन मनगटाच्या मागे पट्टीने बांधून पाहिला, जमलं, पण आता तो हातच दिसेना इतका मोठा फोन. याला घड्याळ बरं, हलकं आणि मुळातच मनगटावर. २०२२ मधे अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) ॲपल वॉचवरून पार्किन्सन्सची थरथर आणि डिस्कायनेशिया म्हणजे औषधामुळे आपोआप होणाऱ्या हालचाली नोंदवणाऱ्या स्ट्राइव्हपीडी या ॲपला मान्यता दिली ती या दिशेने पुढचं पाऊल म्हणायला हरकत नाही, निदान कुणीतरी डॉक्टरांच्या मोजमापाशी ताडून तरी पाहिलंय.

आणि इथे एक असा खड्डा आहे जो भावाने दाखवला नसता तर मी सहज पडले असते. ॲप सेन्सरकडून किती वेगाने आकडे मागतं हे ॲप लिहिणाऱ्याच्या हातात असतं. अँड्रॉइडमधे "नॉर्मल" नावाचा जो वेग आहे तो कागदोपत्री दर २०० मिलिसेकंदांनी एक आकडा, म्हणजे सेकंदाला ५. आता हात सेकंदाला ५ वेळा थरथरतोय आणि तुम्ही सेकंदाला ५ वेळाच डोळे उघडून बघताय. प्रत्येक वेळी हात त्याच जागी दिसणार. ग्राफ सरळ रेघ! थरथर ५.५ असेल तर ग्राफवर संथ झुला दिसणार, दोन सेकंदांना एक. पंख्याची पाती कधीकधी उलटी फिरताना दिसतात तसलाच प्रकार. कमीत कमी दुप्पट वेगाने तरी नमुने घ्यावेच लागतात, आणि शहाणी माणसं ५० किंवा १०० घेतात. त्यात अँड्रॉइडवर मागितलेला वेग ही फक्त विनंती असते, फोन त्याच्या सोयीने कमीजास्त देतो, आकड्यांमधलं अंतर पण सारखं नसतं, तेव्हा प्रत्येक आकड्याबरोबर आलेली वेळ न बघता डोळे झाकून फ्रिक्वेन्सी काढली की उत्तर चुकतं.

भावाने अजून एक किस्सा सांगितला, त्याच्या ओळखीतल्या एकाने व्यायामाचं ॲप केलं, अँड्रॉइडवर मस्त, आयफोनवर टाकलं तर स्क्रीनवरच्या बाहुल्याचा गुडघा पक्ष्यासारखा उलटा वाकायला लागला. कारण टेबलावर उताणा ठेवलेला अँड्रॉइड अधिक ९.८१ सांगतो आणि आयफोन उणे १, एकाचं चिन्ह उलटं आणि वर एकक पण वेगळं, एक मीटर प्रति सेकंद वर्गात आणि दुसरा जी मधे (एक जी म्हणजे तेच ९.८१). हे लगेच दिसलं म्हणून बरं. न दिसणाऱ्या चुका किती असतील.

न दिसणाऱ्यांत माझी नावडती म्हणजे बॅटरी सेव्हर. फोनला वाटतं मागे चालू असलेलं ॲप उगाच बॅटरी खातंय, की तो गुपचूप त्याला झोपवतो. अँड्रॉइड ६ पासून डोझ नावाची बॅटरी वाचवायची सोय आहे, वर काही कंपन्या आपापले जास्तीचे नियम लावतात. माझ्या एका पेशंटच्या रात्रीच्या हालचालींच्या नोंदीत रोज रात्री २ ते ५ एकदम शांतता, मी आपली खूश, झोप सुधारली म्हणून. नंतर कळलं झोपला होता तो फोन. डेटा नसणं आणि हालचाल नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरीचशी ॲप्स दोन्हीला एकच शून्य दाखवतात, याचा मला अजूनही राग येतो, एक राखाडी पट्टा दाखवायला काय जातं हो.

आता पडण्याबद्दल, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त हेच हवं असतं. "पडले तर मला फोन येईल ना?"

कागदावर पडण्याची सही फार सुबक असते, आधी वजनहीन क्षण, आकडा शून्याकडे, मग आपटल्याचं ग्राफवर मोठं टोक, मग शांतता आणि फोनची दिशा बदललेली. प्रयोगशाळेत तरुण मुलं गादीवर धाडकन पडून दाखवतात त्यात हे सगळं दिसतं, आणि बरेचसे अल्गोरिदम (म्हणजे आकड्यांवरून पडणं ओळखायच्या सॉफ्टवेअरमधल्या रीती) अशाच पडण्यावर शिकलेले असतात. म्हातारी माणसं अशी पडत नाहीत हो. ती भिंतीला टेकून घसरतात, कॉटच्या कडेवरून सरकत खाली बसतात, काहीतरी धरायला जातात आणि त्याला लोंबकळत हळूहळू जमिनीवर येतात. वजनहीन क्षण नाही, टोक नाही, फक्त एक माणूस जमिनीवर आहे ज्याला उठता येत नाहीये. उलट मी कंटाळून फोन पलंगावर भिरकावला तर ते पुस्तकातलं आदर्श पडणं. २०१२ मधे प्लॉस वन या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात १३ वेगवेगळे अल्गोरिदम खऱ्याखुऱ्या २९ पडण्यांच्या नोंदींवर तपासले, फोनच्या नव्हे, अंगावर बांधलेल्या ॲक्सिलरोमीटरच्या नोंदी, आणि सरासरीने फक्त ५७ टक्के पडणी पकडली गेली. प्रयोगशाळेत तेच अल्गोरिदम याहून बरेच वरचे आकडे मिरवत होते.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय हे मान्य. २०१८ मधे ॲपल वॉच सिरीज ४ मधे फॉल डिटेक्शन आलं, वय ५५ च्या वर टाकलेलं असेल तर ते आपोआप चालू होतं, जोरात पडून मिनिटभर हालचाल झाली नाही तर स्वतःहून मदतीला फोन लावतं. त्यातला तो "जोरात" शब्द महत्त्वाचा. २०२२ मधे गाडीचा अपघात ओळखणारं फीचर आलं, त्यासाठी खास २५६ जी पर्यंत मोजणारा सेन्सर बसवला, आणि अमेरिकेत रोलरकोस्टरमधे बसलेल्या आणि स्कीइंग करणाऱ्या लोकांच्या फोनांनी आणि घड्याळांनी परस्पर आपत्कालीन सेवेला फोन लावले. म्हणजे जगातली एवढी मोठी कंपनी एवढा खर्च करून पण झटका आणि संकट यातला फरक पूर्ण पकडू शकत नाही, कारण तो फरक झटक्यात नसतोच, भोवतीच्या परिस्थितीत असतो.

आणि एक साधा हिशोब जो मी प्रत्येक घरच्यांना कागदावर करून दाखवते. जागतिक आरोग्य संघटना सांगते ६५ च्या वरच्या साधारण २८ ते ३५ टक्के लोकांना वर्षात एकदा तरी पडायला होतं. समजा तुमचे बाबा वर्षातून दोनदा पडतात. आणि समजा ॲप इतकं चांगलं आहे की आठवड्यातून एकदाच खोटी घंटा वाजवतं. वर्षाला ५२ खोट्या, दोन खऱ्या, त्या पण पकडल्या तर. तिसऱ्या महिन्यात तुम्ही काय करणार? आवाज बंद करणार. मी पण तेच करीन. म्हणून ते चालू ठेवा, जरूर ठेवा, पण त्याच्या भरवशावर संडासातला आधाराचा दांडा बसवायचं पुढे ढकलू नका, दांड्याला चार्जिंग लागत नाही.

मधेच एक अवांतर. २०१८ मधे अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमधे नवीन एमआरआय मशीन बसवताना हीलियम गळला आणि तिथले चाळीसेक आयफोन आणि ॲपल वॉच एकाएकी बंद पडले, अँड्रॉइड मात्र ठणठणीत. हीलियमचे अणू इतके बारीक की ते फोनच्या आतल्या घड्याळाचं काम करणाऱ्या सूक्ष्म सिलिकॉनच्या भागात शिरले आणि त्याचा ठेका बिघडला, काही दिवसांनी हवा लागल्यावर बहुतेक फोन आपोआप बरे झाले. आणि २०१७ मधे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी नुसता ठरावीक सुराचा आवाज सोडून ॲक्सिलरोमीटरला फसवलं, एका फिटबिटला स्पीकरसमोर ठेवून पावलं मोजायला लावली. रोजच्या कामात याची भीती बाळगायचं कारण नाही, पण लटकणारा ठोकळा म्हणजे शेवटी ठोकळाच, त्याला कुणीही हलवू शकतं, एवढं त्यातून नीट कळतं. फोनचं स्वतःचं व्हायब्रेशन पण हलवतं बरं का, चाचणी चालू असताना मेसेज आला की ग्राफवर ती थरथर येते.

मोठ्या प्रमाणावर लोकांनी यात डोकं घातलंय. मार्च २०१५ मधे एमपॉवर नावाचा पार्किन्सन्सचा अभ्यास आयफोनवर सुरू झाला, लोक घरबसल्या फोन खिशात घालून चालायचे, स्क्रीनवर बोटं आपटायचे, आवाज रेकॉर्ड करायचे. त्या डेटावर काम करताना पुढे जे लक्षात आलं ते मला फार आवडतं. एकाच माणसाच्या अनेक नोंदी असतात, त्यातल्या काही शिकवायला आणि काही परीक्षेला घेतल्या की अल्गोरिदम पैकीच्या पैकी मिळवतो, पण तो आजार ओळखत नसतो, माणूस ओळखत असतो. हा अमुक चालीचा माणूस, याला पार्किन्सन्स होता, संपलं. अगदी नवीन माणूस समोर आला की गडबड. तेव्हा कुठलंही ॲप "९५ टक्के अचूक" म्हणालं की मी पहिलं विचारते, परीक्षेला बसलेली माणसं शिकवणीला पण होती का. कंपनीच्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो बहुतेक वेळा चहा घ्यायचा का विचारतो.

आणि अपडेट! एका पेशंटचा पावलांचा आकडा एका सोमवारी अचानक पंधरा टक्क्यांनी वाढला, औषध बदललं नव्हतं, व्यायाम बदलला नव्हता, मी तीन दिवस कारण शोधत होते. रविवारी रात्री ॲप अपडेट झालं होतं. ॲपने आत मोजणीची पद्धत बदलली की आधीचा महिना आणि नंतरचा महिना एका ग्राफवर काढायला अर्थच राहत नाही, आणि कंपनी अपडेटच्या नोंदीत लिहिते "किरकोळ सुधारणा". नवीन फोन घेतला तरी तेच. म्हणून आता माझ्या वहीत प्रत्येक पेशंटच्या पानावर फोनचं मॉडेल, ॲपची आवृत्ती आणि फोन कुठे बांधला हे लिहिलेलं असतं, आणि त्यातलं काही बदललं की मी आडवी रेघ मारते आणि नव्याने सुरुवात करते. रेघेच्या वरचं वर, खालचं खाली, दोन्हीची तुलना नाही. पहिल्या दिवशी मी स्वतः मागे चालून शंभर पावलं मोजते आणि फोनची बाजूला लिहिते. आजींसारखी ३१ आली तर त्या पेशंटसाठी पावलं हा विषयच बंद, मग दिवसात किती वेळा उठल्या एवढंच बघते, उठण्याबसण्यात मांडीचा कोन बदलतो आणि मांडीला बांधलेल्या फोनला तो छान कळतो. ९० च्या आसपास आली तर चालेल, आणि मग मी आकड्याकडे बघत नाही, तो कुठे चाललाय ते बघते. दर वेळी सारखंच दहा कमी मोजणारा फोन माझ्या कामाचा आहे, कधी दहा कमी कधी वीस जास्त मोजणारा नाही, मग सरासरी कितीही बरोबर येवो.

काकांचं सांगायचं राहिलं. फोन ताईंच्या पर्समधून काढून काकांच्या कमरेला पट्ट्यात बांधला, शंभरातली ८८ मोजली, म्हटलं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी ताईंचा घाबरून फोन, "मॅडम, चार हजारावरून ५४० वर आले!" त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली की बाबा काल होते तसेच आहेत, तुमचंच चालणं कमी दिसतंय. मग तीन आठवडे ५४०, ५१०, ५८०, ६२० असं चाललं होतं, आणि औषधाची वेळ अर्धा तास अलीकडे घेतल्यावर सकाळचे खांब जरा उंच व्हायला लागले, ते मला पटलं कारण सकाळचं त्यांचं वळणं पण ७ वरून ५ सेकंदांवर आलं होतं, स्टॉपवॉचवर, फोनवर नाही.

परवा दुपारी ताईंचा ऑफिसातून मेसेज, "आज शून्य दाखवतंय सकाळपासून, काय झालं असेल, मला निघता येत नाहीये." माझ्या पण पोटात गोळा आला, खोटं का बोला. काकांच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला, मागून वायर ओढल्याचा आवाज, आणि काका म्हणाले, "थांबा हं मॅडम, चार्जिंगला लावलाय, काढतो आधी."